घाटात ओव्हरटेक कसा करता आणि दुसऱ्याला कसा करू देता? बाईकवाल्यांनो, अनुभव लिहा

धागाकर्ता
पाऊस सुरू झाला की ताम्हिणी, माळशेज, वरंधा, आंबोली सगळीकडे बाईकची रांग लागते आणि रविवारी संध्याकाळी ग्रुपवर कुणीतरी पडल्याचे फोटो येतात. कसा पडला विचारलं की बरेचदा एकच उत्तर, ओव्हरटेक मारायला गेला. आपल्याकडे हे कुणी शिकवतच नाही, लायसनला आठचा आकडा काढला की झालं. म्हणून हा धागा. तुम्ही घाटात गाडी कधी काढता, कुठे थांबता, मागच्याला वाट कशी देता ते सविस्तर लिहा, नवीन पोरं वाचतील.

माझ्यापासून सुरुवात करतो. डोंगर ज्या हाताला आणि वळणही त्याच हाताला असेल तर पलीकडचं काहीही दिसत नाही, तिथे पुढे बैलगाडी असली तरी मी मागेच राहतो. उलट रस्ता दरीला वळसा घालून जात असेल तर समोरच्या अंगाचा रस्ता आधीच दिसतो, तिथे काय येतंय ते बघून ठेवायचं आणि पुढच्या सरळ तुकड्यात गाडी काढायची. दुसरं म्हणजे उजव्या वळणावर गाडी झुकवली की चाकं आपल्या बाजूला असतात पण डोकं आणि खांदा मधल्या पट्ट्याच्या पलीकडे जातो, समोरून डंपर आला तर तो चाकं बघत नाही. वळणावर ओव्हरटेक करताना नेमके याच जागेत आपण असतो.

कुंभार्लीचा_जुना_ड्रायव्हर
एसटीतून रिटायर झालोय, निम्मी नोकरी चिपळूण-कराड रोडवर गेली. पोरांनो एक गोष्ट नीट समजून घ्या. डावीकडचं आवळ वळण घ्यायचं तर आम्हाला आधी बसचं तोंड उजवीकडे काढावं लागतं, नाहीतर मागची चाकं आत कापतात आणि गटारात जातात. मी तोंड उजवीकडे काढलं की डाव्या बाजूला मोकळी जागा दिसते आणि बाईकवाले तिथून घुसतात. ती जागा मोकळी नसते, ती माझ्या मागच्या चाकाची असते. दोन सेकंदात बस तिथेच येणार आणि तुम्ही मात्र कठड्याला आणि बसला मधे.

तसंच चढावर लोडात असलेल्या गाडीच्या पाठीला चिकटू नका, गिअर बदलताना किंवा थांबून परत उचलताना ती थोडी मागे येते. माझ्या आरशात तुम्हाला माझं तोंड दिसत असेल तरच मला तुम्ही दिसताय. दिसत नसेल तर हॉर्न कितीही वाजवा, घाटात इंजिनच्या आवाजात काय ऐकू येतं?

रायडर_कोल्हापुरी
काका, हे डाव्या जागेचं कुणीच सांगितलं नव्हतं बघा, मनापासून आभार.

मी बाई आहे आणि आंबा घाटात कायम जाते, त्यामुळे माझा अनुभव वाट देण्याबद्दलचा आहे. मागून कुणी चाकाला चाक लावून येतं, एक्झॉस्टचा आवाज काढतं, हाय बीम मारतं, म्हणजे मी घाबरून कडेला जावं. मी वळणात कधीच बाजूला होत नाही. वळण पूर्ण करते, सरळ रस्ता आला की डावा इंडिकेटर देते, थ्रॉटल थोडा सोडते आणि हाताने पुढे जायची खूण करते. ज्याला घाई आहे तो जाऊ दे, माझं काय जातंय. पण कुठे आणि कधी वाट द्यायची ते मी ठरवणार, कारण कडेची माती माझ्या टायरखाली येणार आहे, त्याच्या नाही.

ग्रुप राइडला तर सगळ्यात मोठा धोका म्हणजे पुढच्याच्या मागे आंधळेपणाने जाणं. पहिला ट्रकला काढून गेला, दुसरा त्याच्या मागे गेला, तोपर्यंत समोरची गाडी जवळ आली आणि तिसरा मधेच अडकला, असं मी डोळ्यांनी बघितलंय, त्या ट्रकवाल्याने ब्रेक मारून जागा केली म्हणून तो पोरगा वाचला. आमच्या ग्रुपमध्ये आता नियमच आहे, घाटात एकामागे एक चालायचं, ओव्हरटेक प्रत्येकाने आपापला रस्ता बघून करायचा, आणि मागे राहिलेल्यासाठी पुढचे आंबा गावात थांबतात. थांबणार आहेत हे माहीत असलं की मागचा घाई करत नाही.

सातारा_ते_सगळीकडे
ट्रकच्या इंडिकेटरबद्दल कुणीतरी लिहा राव. मला लहानपणापासून सांगितलेलं की पुढच्या ट्रकने उजवा इंडिकेटर दिला म्हणजे 'जा'. पसरणी घाटात एकाने उजवा दिला आणि खरंच उजवीकडे वळला, व्ह्यू पॉइंटला थांबायला.

कुंभार्लीचा_जुना_ड्रायव्हर
यात एकमत नाही हाच धोका आहे. कुणी उजवा देतो म्हणजे 'जा', कुणी उजवा देतो म्हणजे 'थांब, समोरून येतंय', आणि कुणी डावा देऊन 'जा' म्हणतो. म्हणून मी कायम हात बाहेर काढून खूण करायचो. पण माझा हात बघूनही तुम्ही स्वतः समोर बघूनच जायचं. माझ्या उंचीवरून मला दिसतं ते तुम्हाला दिसत नाही, आणि माझा अंदाज बसच्या स्पीडचा, तुमच्या बाईकचा नाही.

चोर्ला_नाइट
पणजी-बेळगाव रात्रीचं जाणं-येणं. रात्री वळणाआधी डिपर द्यायचा, झाडांवर समोरच्याचा उजेड आधी दिसतो त्यामुळे रात्री उलट सोपं वाटतं. पण उजेड नाही म्हणजे रस्ता मोकळा असं धरू नका. वळणात गुरं बसलेली असतात, बंद पडलेला ट्रक मागे नुसते दगड आणि झाडाची फांदी ठेवून उभा असतो. ओव्हरटेकला बाहेर पडलात आणि हे समोर आलं तर जागाच उरत नाही.

अटलांटाकर
इकडे टेनेसी आणि नॉर्थ कॅरोलायनाच्या सीमेवर टेल ऑफ द ड्रॅगन म्हणून रस्ता आहे, ११ मैलांत ३१८ वळणं, देशभरातून बाईकवाले येतात. मधे दुहेरी पिवळी रेघ, म्हणजे ओव्हरटेक बंद. मग जोरात जाणाऱ्याचं काय? तर रस्त्याच्या कडेला थांबायच्या जागा केल्यात, मागे कुणी आलं की हळू जाणारा तिथे बाजूला होतो, मागचा हात दाखवून पुढे जातो, हा परत रस्त्याला लागतो. यात कुणाला कमीपणा वाटत नाही. आपल्या घाटांत अशा जागा असतात, पण रविवारी तिथे भजी आणि मक्याच्या गाड्या आणि सेल्फीवाल्यांच्या कार लागलेल्या असतात, त्यामुळे बाजूला व्हायचं तरी कुठे.

मुळशीकर_दूधवाला
मी रोजचा ताम्हिणी रोडवरचा. स्प्लेंडरला मागे दोन्ही बाजूला कॅन. तुम्ही शहरातले लोक हँडलला घासून जोरात जाता तेव्हा वाऱ्याने हँडल हलतंच, पण कॅनमधलं दूधही डचमळतं आणि गाडी त्या अंगाला ओढते, ती सावरायला मला रस्ता लागतो. आणि मी कडेने का चालत नाही तर पावसात कडेला शेवाळ आणि बारीक खडी असते. तुम्हाला वाटतं हा मुद्दाम अडवतोय. एक छोटा हॉर्न द्या, हातभर नाही, चांगलं चार-पाच हात अंतर ठेवून जा, मी स्वतः वाट देतो.

अजून एक, चढणाऱ्या गाडीला आधी जाऊ द्यायचं. जिथे दोन गाड्या मावत नाहीत तिथे उतरणाऱ्याने थांबायचं, कायद्यातही आहे.

धागाकर्ता
बरोबर दादा, २०१७ च्या ड्रायव्हिंग रेग्युलेशन्समध्ये हे स्पष्ट आहे. दुधाच्या कॅनचं वाचून खरंच विचारात पडलो, पुढच्या राइडच्या आधी ग्रुपला हे वाचून दाखवणार.

काका, धुक्यात काय करायचं तेवढं सांगा, माळशेजला पुढच्या आठवड्यात जातोय.

कुंभार्लीचा_जुना_ड्रायव्हर
धुक्यात ओव्हरटेक नाहीच. पुढच्या गाडीचा लाल दिवा दिसत राहील एवढ्या अंतराने मागे चालायचं. हेडलाइट लो बीमवर, हाय बीम लावला की पुढे नुसती पांढरी भिंत दिसते. आणि चालत्या गाडीला चारही इंडिकेटर लावू नका, मग तुम्ही वळताय का थांबलाय ते मागच्याला कळत नाही. थांबायचंच असेल तर रस्त्याच्या पूर्ण बाहेर जाऊन थांबा, वळणाच्या तोंडाशी नको.