पाईकवाल्या फौजा काचेच्या कपाटात कशा मांडाव्यात? (इटालियन युद्धं, २८ मिमी)

तिसरी_रांग

इटालियन युद्धांतल्या, १४९४ ते १५२५ या काळातल्या छोट्या सैनिकांचा (माणसाची उंची साधारण २८ मिमी) संग्रह रंगवून झाला आहे, आता मांडायचा आहे. प्रत्येकी ८० जणांचे दोन पाईक ब्लॉक, म्हणजे लांब भालेवाल्यांचे दाट गट (एक स्विस, एक लान्ट्सक्नेख्त म्हणजे जर्मन भाडोत्री पायदळाचा), ६० आर्केबसवाले (जुन्या बंदुकांचे), ३६ जाँदार्म (चिलखती घोडेस्वार), २४ स्ट्रॅडिऑट (हलके घोडेस्वार) आणि ६ तोफा. पायदळ ४०×४० मिमी बेसवर चार-चार, घोडेस्वार ५०×५० वर दोन-दोन. निम्म्याहून जास्त फिगर धातूच्या, त्यातल्या काही जुन्या शिशाच्या, बाकी प्लास्टिकच्या. पाईक सगळे तारेचे.

कपाट काचेच्या दाराचं. आतली रुंदी ८० सेंमी, खोली ३६, उंची १६०. काचेचे ५ मिमी जाडीचे चार शेल्फ सोबत आले आहेत, त्यांची उंची बदलता येते.

प्रश्न तीन. शेल्फमधलं अंतर किती ठेवावं? ब्लॉक पायऱ्यांवर चढवावा की सपाट? एलईडी पट्टी मागे लावावी की पुढे? एका जागी ती मागच्या भिंतीला लावलेली पाहिली, तिथे फिगरांच्या काळ्या सावल्याच दिसत होत्या.

---

पितळी_तार

आधी कपाट नाही, पाईक मोजा. या काळाच्या संग्रहात सगळं तिथेच अडतं. खरा पाईक पाच-साडेपाच मीटरचा, म्हणजे २८ मिमीत ९० ते १०० मिमी. निशाणाची काठी ११० धरा. त्यात बेसचे ३ मिमी, पायऱ्यांचे २४, दिव्याच्या प्रोफाइलचे (पट्टी बसवायच्या पन्हळीचे) १५ आणि हात आत घालून बेस उचलायला ७०. बेरीज २२२, म्हणून २३० मिमी ठेवा. हाताचे ७० वाचवायला जाऊ नका. पाईक वाकतात ते लढाईत नाही, शेल्फवरून बेस बाहेर काढताना वरच्या काचेला टोक लागून वाकतात.

पाईक आणि जाँदार्मांसाठी २३० चे तीन कप्पे, आर्केबस, स्ट्रॅडिऑट आणि तोफांसाठी १८० चे दोन. हे झाले १०५० मिमी. त्यासाठी पाचवा शेल्फ घ्यावा लागेल. पाच काचांचे २५ मिमी वजा केले की तळाला सव्वापाचशे उरतात, पण कपाट जमिनीवर उभं असेल तर तिथे फिगर मांडण्यात अर्थ नाही. गुडघ्याखालचं कोणी बघत नाही. मैदानाचं सामान (खेळाच्या टेबलावरची घरं, टेकड्या वगैरे) तिथे ठेवा.

पायऱ्यांबद्दल: पाईक ब्लॉकला नेहमीच्या २५ मिमीच्या पायऱ्या देऊ नका. चार रांगांत ७५ मिमी चढ आला की ब्लॉक राहत नाही, शाळेचा ग्रुप फोटो होतो. रांगेमागे ८ मिमी पुरेत. तुमचे ८० जण म्हणजे २० बेस. पाच रुंद, चार खोल मांडले तर २०० × १६० मिमी होतात. मागच्या रांगेला एकूण २४ मिमी चढ मिळतो. तेवढ्यात मागच्यांचे चेहरे पुढच्यांच्या खांद्यावरून दिसतात आणि भाल्यांचं रान एकसंध राहतं. आर्केबसवाल्यांना मात्र २० ते २५ मिमी द्या. ते विरळ असतात, त्यांना चढ शोभतो.

आणखी एक माप सगळे विसरतात. पहिल्या रांगेचे पाईक आडवे धरलेले असतील तर टोकं बेसच्या पुढे ४० ते ६० मिमी येतात. म्हणून शेल्फच्या पुढच्या कडेला ७० मिमी मोकळे सोडा, नाहीतर दार लावताना काच आधी पाईकला भेटते. ३६ सेंमी खोलीत ७० + १६० जाऊन मागे १३० उरतात. तिथे दुसरा ब्लॉक कोंबायचा मोह टाळा. दोन्ही ब्लॉक शेजारी-शेजारी, किंचित तिरके ठेवा. १५ अंश वळवलं तरी कोपऱ्यातून खोली दिसते.

वजनाची काळजी नको. धातूचा शिपाई साधारण २० ग्रॅमचा, म्हणजे दोन्ही ब्लॉक पूर्ण धातूचे धरले तरी सव्वातीन किलो. मात्र काच टफन्ड आहे ना ते बघा, आणि शेल्फच्या पिना चारही जागी नीट टेकल्या आहेत ना तेही.

---

मंद_दिवा

पट्टी पुढे. प्रत्येक शेल्फच्या पुढच्या कडेखाली, ४५ अंशाच्या ॲल्युमिनियम प्रोफाइलमध्ये, तोंड आतल्या बाजूला. प्रोफाइलवर दुधी झाकण हवंच. उघड्या एलईडीचा प्रत्येक ठिपका जाँदार्मच्या चिलखतावर वेगळा चमकतो, घोडदळाला गोवर आल्यासारखं दिसतं.

फक्त वर एक दिवा लावून काचेतून प्रकाश खाली झिरपेल ही आशा सोडा. बेस अपारदर्शक असतात, दुसऱ्या कप्प्यापासूनच अंधार. प्रत्येक कप्प्याला स्वतःची पट्टी लागते.

हिशोब: प्रत्येकी ७६ सेंमीच्या पाच पट्ट्या म्हणजे ३.८ मीटर. मीटरला ९.६ वॉट धरले तर साडेछत्तीस वॉट, पाव भाग जास्त धरून सेहेचाळीस. ६० वॉटचा ड्रायव्हर घ्या, तो कपाटाबाहेर ठेवा. आत ठेवला तर गरम हवा वर जाते आणि खालच्या फटीतून धूळ ओढून आणते. पट्ट्या एकीला एक जोडत नेऊ नका, प्रत्येकीची वायर ड्रायव्हरपर्यंत वेगळी न्या. १२ व्होल्टवर लांब साखळी केली की शेवटचा कप्पा मंद पडतो. २४ व्होल्टची पट्टी मिळाली तर उत्तम.

रंग-तापमान ४००० केल्विन आणि सीआरआय (दिव्यात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९० च्या वर. लान्ट्सक्नेख्तांच्या चिरा पाडलेल्या बाह्या याच दिव्यात उठतात किंवा मरतात. कमी सीआरआयमध्ये लाल आणि नारिंगी एक होतात, पिवळा आजारी दिसतो. मागची भिंत मध्यम करडी, बिनचमक. पांढऱ्यासमोर फिगर काळवंडतात, काळ्यात काळं चिलखत हरवतं. आरसा अजिबात नको. पाठीमागची पिसं दिसतात हे खरं, पण दिवाही दोनदा दिसतो आणि धूळही.

खिडकीचं ऊन थेट पडत असेल तर जागाच बदला. एलईडीमध्ये अतिनील प्रकाश जवळपास नसतो, उन्हात भरपूर असतो, आणि काही लाल आणि किरमिजी रंगद्रव्यं आधी फिकी पडतात.

---

कथील

वरच्या दोघांनी मापं नीट दिली, पण शिशाचं कोणी बोललं नाही. तळाला 'मैदानाचं सामान' ठेवण्यावर माझा आक्षेप आहे. ते सामान एमडीएफचं असणार, खोके पुठ्ठ्याचे. एमडीएफ, प्लायवूड, ओक आणि पुठ्ठा असेटिक, फॉर्मिकसारखी आम्लं हवेत सोडत राहतात. बंद कपाटात ती साठतात आणि शिशावर पांढरी भुकटी धरते. सुरुवात बहुतेक रंग न पोचलेल्या जागी होते: बेसचा तळ, घोड्याच्या पोटाखाली, तलवारीचं टोक. कथिलाच्या शिसेमुक्त फिगरांना आणि प्लास्टिकला हा त्रास नाही. तुमच्याकडे जुन्या शिशाच्या आहेत म्हणून सांगतोय.

पायऱ्याही एमडीएफच्या करू नका. ३ मिमी ॲक्रिलिक किंवा पावडर कोटिंग केलेला पत्रा वापरा. दाराच्या फटी बुजवायला सिलिकॉन घेतलंत तर न्यूट्रल क्युअर घ्या. ज्याला व्हिनेगरचा वास येतो ते असेटिक आम्लच सोडत असतं. आत काही रंगवलं असेल तर फिगर ठेवण्याआधी दोन-तीन आठवडे दारं उघडी ठेवा. आर्द्रता ५० टक्क्यांच्या खाली असावी. सिलिका जेलची पिशवी चालते, पण रंग बदलणारी घ्या, म्हणजे कधी वाळवायची ते कळतं.

भुकटी दिसली तर फुंकर मारू नका, ती विषारी असते. फिगर वेगळी काढा, मास्क आणि हातमोजे घालून ओलसर ब्रशने पुसा, पूर्ण सुकवा, मग सगळीकडून प्रायमर द्या. बेसचा तळसुद्धा.

---

तिसरी_रांग

सामान कपाटाबाहेर जाईल. मग तळाच्या कप्प्यात काय? आणि बेस घसरू नयेत म्हणून चुंबक लावावेत का? दार ओढलं की शेल्फ थरथरतात.

---

पितळी_तार

कथील यांचा मुद्दा मान्य, मैदानाचं सामान बाहेरच ठेवा. तळ रिकामा सोडला तरी काही बिघडत नाही.

चुंबक लावा, पण बेताने. पायरीवर ०.५ मिमी पत्रा, बेसखाली ५×१ मिमीचा एक निओडिमियम चुंबक, घोडेस्वारांच्या बेसला दोन. चार-चार चुंबक लावले की लोक बेस सोडून फिगरला धरून ओढतात आणि घोड्याचा घोटा तुटतो. बेसखाली चुंबकी रबर आणि पायरीवरही चुंबकी रबर, ही जोडी नको. त्यात ध्रुवांचे पट्टे असतात, ते जुळतील तिथेच बेस बसतो. पाच बेसची सरळ रांग कधीच लागत नाही, प्रत्येक बेस एखादा मिलिमीटर इकडे-तिकडे.

---

पाविया१५२५

मापं आणि दिवे झाले. कोण कुठे उभा करायचा यावर थोडं.

ही फौज राष्ट्रांप्रमाणे मांडली की कपाट गणवेशाच्या तक्त्यासारखं दिसतं. लढाईप्रमाणे मांडा. तुमच्या संग्रहाला बिकोकाची लढाई (२७ एप्रिल १५२२) चपखल बसते. एका बाजूला खोलगट रस्ता, पलीकडे बांध आणि त्यावर आर्केबसवाले, अलीकडून चढून येणारा स्विस ब्लॉक. स्विस लोकांचं काय झालं ते बांधाची उंचीच सांगते. त्यासाठी ५० मिमीचा बांध पुरतो आणि ब्लॉक सपाट ठेवायला कारणही मिळतं. फक्त बांधावरच्या कप्प्याचं अंतर मोजताना ते ५० धरा. आर्केबसला १८० पुरत होते, पण समोर स्विस पाईक उभे असल्यामुळे इथे २३० चाच कप्पा लागेल.

खुणा तपासा. स्विस कपड्यांवर सरळ पांढरा क्रॉस. पवित्र रोमन सम्राटाच्या लान्ट्सक्नेख्तांवर तिरका लाल. पावियाच्या लढाईत (२४ फेब्रुवारी १५२५) फ्रेंचांच्या बाजूनेही लान्ट्सक्नेख्त होते, 'काळी पलटण' तीच. त्यामुळे तुमचा एकच ब्लॉक दोन्हीकडे चालतो, पण तिरका लाल क्रॉस रंगवलेला असेल तर तो फ्रेंचांकडे ठेवू नका. बघणारा हटकून पकडतो.

नावाच्या चिठ्ठीवर स्पॅनिश पायदळाला 'टर्सिओ' लिहू नका. ती रचना १५३० च्या दशकातली, तुमचा काळ तिच्या आधी संपतो. पिस्तूलवाले रायटर (नंतरच्या काळातले घोडेस्वार) कोणी भेट म्हणून दिले असतील तर तेही या कपाटात नकोत. चिठ्ठ्यांची अक्षरं ५ मिमी, गडद करड्यावर फिकट. पांढऱ्या चिठ्ठ्या दिव्याखाली फिगरपेक्षा आधी डोळ्यात भरतात.

उंचीचं म्हणाल तर जाँदार्म डोळ्याच्या रेषेत. घोड्यांची झूल बाजूने बघायची गोष्ट आहे. पाईक ब्लॉक त्याच्या एक कप्पा खाली, कारण तो थोडा वरून बघितला तरच त्याची खोली कळते.

---

मंद_दिवा

धुळीचं राहिलं. दाराच्या दोन काचांमधल्या फटीला ब्रशची पट्टी लावा. आतली धूळ मऊ मेकअप ब्रशने काढा, पाईकच्या मुळाकडून टोकाकडे. उलट फिरवलात तर केस टोकात अडकतात आणि तार वाकते. डब्यातली दाबलेली हवा नको. डबा तिरका झाला की थंड द्रव बाहेर पडतो आणि वॉर्निशवर पांढरा डाग पडतो. कॅमेऱ्याच्या लेन्ससाठी असतो तो रबरी ब्लोअर पुरतो. शिशाच्या फिगरवर ब्लोअर मारण्याआधी ती पांढरी धूळ नक्की धूळच आहे ना, ते बघा.