फुल व्हर्जिनिया फ्लेक – चव नक्की कशी आणि ओढायचा कसा?

खडकीकर:
मंडळी, मामेभाऊ मँचेस्टरहून येताना सॅम्युअल गॅविथ या इंग्लिश कंपनीच्या फुल व्हर्जिनिया फ्लेक या पाईपच्या तंबाखूचा ५० ग्रॅमचा डबा घेऊन आलाय. आत्तापर्यंत आपली मजल चेरी-व्हॅनिलावाल्या पाकिटांपर्यंतच, त्याचा वास घरभर झकास सुटतो पण तोंडात नुसती गरम वाफ आणि जीभ दुसऱ्या दिवशीपर्यंत चरचरत राहते. हा डबा उघडला तर आत काळपट लांब पट्ट्या, हाताला चक्क ओल्या लागतात, वास मनुका आणि पाव यांच्या मधला काहीतरी. हे असंच भरायचं की कुस्करायचं? आणि एवढं कौतुक ऐकतो ती चव कसली असते? पाईप एकच आहे, साधा ब्रायरच्या लाकडाचा.

बंडू_लीड्स:
भाऊ, आधी वाळव. बाकी सगळं नंतर. गॅविथचे फ्लेक, म्हणजे या दाबून कापलेल्या पट्ट्या, डब्यातून ओलेच निघतात, तसेच पेटवले तर दर दोन मिनिटांनी काडी ओढत बसशील, खाली गुडगुड सुरू होईल आणि जीभ पोळेल, कारण जीभ बऱ्याचदा तंबाखूने नाही तर त्या वाफेने पोळते. एका वेळेपुरत्या पट्ट्या कागदावर तासभर तरी पसरून ठेव. चिमटीत दाबलं की गोळा व्हायला नको, सोडल्यावर मोकळं व्हायला पाहिजे, पण कुरकुरीत पण नको, मग चव गेलीच समज.

चवीचं म्हणशील तर वरून काही लावलेलं जाणवत नाही, सगळी पानाचीच गोडी. व्हर्जिनिया तंबाखूचं पान भट्टीत गरम हवेवर सुकवतात म्हणून त्यात साखर टिकते, मग हे लोक ते दाबून वाफवतात त्यामुळे रंग असा काळपट होतो आणि कोवळ्या व्हर्जिनियाचा तो गवताळ तिखटपणा बराचसा बसतो. सुरुवातीला पाव, वाळलेलं गवत, मग अर्धा बाऊल (पाईपची तंबाखू भरायची वाटी) संपल्यावर सुकं अंजीर, शिजवलेलं फळ वगैरे. पण हे फक्त सावकाश ओढलास तरच, पाईप विझतोय की काय इतपत सावकाश. विझला तर विझू दे, परत पेटव, त्यात कमीपणा काही नाही. सिगरेटसारखे झुरके मारलेस तर गरम पाणी प्यायल्यासारखं लागेल आणि मग इथे येऊन शिव्या घालशील.

जुना_धुरकट:
मला तर हा फ्लेक कंटाळवाणा वाटतो राव. लोक उगाच डोक्यावर घेऊन नाचतात. त्याच कंपनीचं स्क्वाड्रन लीडर मागवायला सांगायचं ना भावाला, त्यात लताकिया आहे. ते पान धुरावर सुकवतात, होळीच्या दुसऱ्या दिवशी कपड्यांना जो वास राहतो तसा वास, आणि जीभेला त्रास कमी. घरचे हाकलून देतील ही गोष्ट वेगळी.

बंडू_लीड्स:
काका तुम्हाला लताकियाशिवाय काही दिसत नाही 😄 एकदा ते पाईपमध्ये गेलं की पुढचे कितीतरी बाऊल तोच वास, खडकीकरकडे पाईप एकच आहे.

खडकीकर:
हा मुद्दा बरोबर, माझ्या पाईपला चेरीचा वास तर आत्ताच मुरलाय, त्याचं काय? आणि पुण्यात सध्या पाऊस, कागदावर वाळेल कसं, उलट अजून ओलं होईल.

सौ_ग्रॅम:
एसी असलेल्या खोलीत ठेवा, नाहीतर टेबललॅम्पखाली थोडा वेळ, लक्ष ठेवून. उरलेला डबा उघडा टाकू नका, घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत भरा. पावसाळ्यात बुरशी धरते, केसाळ पांढरं दिसलं तर सरळ फेका, पुसून ओढायचा शहाणपणा नको. बरणीत व्हर्जिनिया वर्षानुवर्षं टिकतो आणि अजून मऊ होत जातो, ५० ग्रॅममध्ये तेवढा संयम कुणाला असतो ते सोडा.

पट्टी दुमडून, पिळून भरतात लोक, पण पहिल्यांदा पूर्ण कुस्करूनच भरा, खाली सैल वर जरा घट्ट, पेटायला सोपं जातं. या फ्लेकसाठी मक्याच्या कणसाचा स्वस्त पाईप घ्या, मिसूरीतल्या वॉशिंग्टन गावात १८६९ पासून बनतात. व्हर्जिनिया त्यात मस्त लागतो आणि ब्रायर चेरीला राहू दे.

निपाणीकर_पाव्हणा:
एवढा खर्च करण्यापेक्षा आमच्याकडचा तंबाखू भरून बघा की.

जुना_धुरकट:
पाव्हणं, तुमचा विडीचा, उन्हात वाळवलेला. पाईपात भरला तर घसा सोलून निघेल. व्हर्जिनिया आंध्र-कर्नाटकात पिकतो भरपूर, पण तो सिगरेटला जातो.

डॉ_फुकटसल्ला:
धूर आत घेत नाही म्हणून पाईप निरुपद्रवी असं कुणी समजू नका, तोंडाचा आणि घशाचा कॅन्सर त्यानेही होतो. आणि खडकीकर, रिकाम्या पोटी हा ओढू नका, चक्कर येईल.

खडकीकर:
पाच पट्ट्या बेडरूमच्या एसीखाली पसरल्यात. बायको विचारतेय हे गोमूत्राचं औषध आहे का.