१९५२ ची ताजमधली पार्टी: प्रकरणात काय काय चुकलंय?

कुमुदिनी:
कादंबरीतलं एक प्रकरण ३१ डिसेंबर १९५२ च्या रात्री घडतं. नायिका दादरच्या हिंदू कॉलनीतली, नुकतीच बी.ए. झालेली. मलबार हिलवरच्या मैत्रिणीच्या इंपालातून ताजच्या बॉलरूममध्ये जाते. शिफॉनची साडी, मोगऱ्याचा गजरा. शॅम्पेनचे ट्रे फिरतायत, ट्विस्ट चालू आहे, बेअररला पंच्याहत्तर पैसे टिप. पहाटे गेटवेजवळ महाराजांच्या पुतळ्यापाशी नायक मन मोकळं करतो. जाणकारांनी चिरफाड करावी.

हेरंब:
आधी शॅम्पेन काढा. एप्रिल १९५० पासून मुंबई राज्यात पूर्ण दारूबंदी होती आणि १९५२ साली मुख्यमंत्री होते मोरारजी देसाई! भर बॉलरूममध्ये ट्रे फिरवायची कुणाची छाती नव्हती.

म्हणून श्रीमंतांकडे दारू नव्हती असं मात्र नाही. प्रकृतीच्या कारणासाठी डॉक्टरच्या शिफारशीवर परमिट मिळे, परदेशी पाहुण्यांनाही मिळे. त्यावर दारूची ठरावीक युनिटं (मापं), संपली की संपली. त्यामुळे घरात ‘आजारी’ माणसं किती, यावर पार्टीची रंगत ठरायची. वकिलातीतल्या लोकांना वेगळी सवलत, म्हणून त्यांच्याकडच्या आमंत्रणाला भाव. परमिट नसलेल्याला आपल्या बाटलीतली पाजणं हा गुन्हा होता. तुमचा प्रसंग इथेच दडलाय: पेग यजमानाच्या परमिटवरचा, ग्लास नायकाच्या हातात, आणि जिन्यावर बुटांचा आवाज. हे हॉटेलात नको, मलबार हिलच्या बंगल्यात घडवा. ताजमध्ये सगळ्यांच्या हाती लिंबू सरबत द्या. ड्रायव्हरला हवीच असेल तर तो आंटीच्या, म्हणजे चोरट्या दारूच्या, अड्ड्यावर जाईल.

पर्समध्ये ओ-द-कोलोन चालेल. औषधं आणि प्रसाधनांतल्या अल्कोहोलवरची बंदी सर्वोच्च न्यायालयाने १९५१ मध्येच उडवली होती.

ट्रामवाला:
बाकीचे भराभर. इंपाला १९५८ ची, इथे बुइक किंवा पॅकार्ड घाला. ट्विस्ट साठच्या दशकातला. तेव्हा फॉक्सट्रॉट, वॉल्ट्झ, रुंबा. पंच्याहत्तर पैसे तर अशक्यच, कारण रुपयाचे तेव्हा चौसष्टच पैसे (१६ आणे, आण्याचे ४ पैसे). बारा आणे लिहा. शंभर नवे पैसे १ एप्रिल १९५७ पासून. महाराजांचा पुतळा तिथे २६ जानेवारी १९६१ ला आला. ताजचा टॉवर १९७३ चा, तोही खिडकीतून दिसता कामा नये.

बँड गोव्याच्या वादकांचा असू द्या. चिक चॉकलेट, म्हणजे अंतोनियो झेवियर वाझ, ताजमध्ये वाजवत आणि सी. रामचंद्रांच्या गाण्यांतही असत. स्टेजवरचा ट्रम्पेट कानावर पडताच दादरच्या मुलीला रेडिओवरचं काहीतरी आठवेल, आणि एवढ्या परक्या दिवाणखान्यात तिला तेवढंच ओळखीचं वाटेल.

शालन:
साडीवर कुणीच बोललं नाही. शिफॉन बरोबर, पण परकर साटिनचा नको, निऱ्या सुटून खाली येतात. सुती परकर, नाडी करकचून. हिला रोज सुती गोल पातळाची सवय, म्हणजे शिफॉन मैत्रिणीचं असणार. खांद्याला आतून पिन हवी, नाहीतर नाचताना पहिल्याच गिरकीला पदर घसरेल. जड जरीची किनार मशीनवर ताणून शिवली असेल तर कापडाला चुण्या पडतात. मैत्रिणीच्या आईची नजर नेमकी तिथे जाईल. गळ्यात आईचा तन्मणी पुरे.

आणि मोगरा उन्हाळ्याचा हो! डिसेंबरात शेवंती.

कुमुदिनी:
बंगल्याचा प्रसंग घेते. पण नायिका घरी कशी पोचेल? रात्रभर बाहेर राहणं तिच्या वडिलांना चालणार नाही.

ट्रामवाला:
चर्चगेटहून दादरची लोकल. ताज ते चर्चगेट व्हिक्टोरिया (घोडागाडी) करा. आणि वडिलांच्या तोंडी ‘वेस्टर्न रेल्वे’ नको, ते नाव ५ नोव्हेंबर १९५१ चं. ते अजून जुन्या नावाने बी.बी.सी.आय.च (बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वे) म्हणतील.