५०० वॅटच्या बेस हेडला दुसरा कॅबिनेट कोणता घेऊ?

चारतारी
नमस्कार मंडळी. नाशिकला एका ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवतो. क्लास डी हेड आहे, म्हणजे स्पीकर वेगळा लावायचा ट्रान्झिस्टरचा अँप. मागे ४ ओहमला (ओहम म्हणजे स्पीकरचा विद्युत अवरोध) ५०० वॅट, ८ ओहमला ३०० आणि ‘किमान ४ ओहम’ असं छापलंय. त्याला ८ ओहमचा, एका १२ इंची स्पीकरचा कॅबिनेट (स्पीकरचं खोकं) लावतो. तालमीच्या खोलीत भरपूर होतं. पण गणपतीत उघड्या मैदानावर ढोलकी आणि ऑक्टोपॅड सुरू झाले की माझी ई तार (सगळ्यात खालच्या सुराची) मलाच ऐकू येत नाही. ओळखीत चार १० इंची स्पीकरचा जुना कॅबिनेट मिळतोय, ४ ओहमचा. तो आहे त्याच्या जोडीला लावू का? की १५ इंची घेऊ? बजेट ३० हजार.

खर्जवाला
जोडीला अजिबात लावू नका! हेडची दोन्ही आउटपुट आत समांतरच जोडलेली असतात. अशा वेळी गुणाकार भागिले बेरीज करायची: ३२ भागिले १२, म्हणजे २.६७ ओहम. तुमचा हेड ४ च्या खाली जायला बनलेलाच नाही. नशीब असेल तर ऐन कार्यक्रमात बंद पडेल, नसेल तर आउटपुट जळेल. शिवाय ४ ओहमवाला दुसऱ्याच्या दुप्पट वॅट ओढणार. तो एकटा लावला तर हेडची पूर्ण ताकद मिळेल, पण मग १२ इंची घरी पडून राहील.

माझं मत, आहे तोच मॉडेल, ८ ओहमचाच, आणखी एक घ्या. दोन मिळून बरोबर ४ होतात, वॅट सारखे वाटले जातात आणि नॉब न हलवता खालच्या सुरांत जवळपास ६ डेसिबल वाढतात. दोन्ही एकावर एक उभे रचा, शेजारी शेजारी नको. गुडघ्याशी असलेला स्पीकर कानाला काय ऐकू येणार? वरचा छातीच्या उंचीला आला की स्वतःचे सूर स्पष्ट कळतात.

मैदानी
सहमत. १५ इंची म्हणजे जास्त खर्ज, हे अर्धंच खरं. खर्ज खोक्याच्या आकारमानावर आणि त्याच्या ट्यूनिंगवरही ठरतो. अँपेग कंपनीचा १९६९ चा एसव्हीटी हा बेस अँप ज्या कॅबिनेटसाठी ओळखला जातो त्यात आठ १० इंची स्पीकर आहेत, प्रत्येकी ३२ ओहम, मिळून ४. ई तार ४१ हर्ट्झची असली तरी मैदानावर कानाला पोचतो तो मुख्यतः तिचा वरचा ८२ हर्ट्झचा स्वर. वॅटपेक्षा कॅबिनेटची संवेदनशीलता, म्हणजे एका वॅटला एक मीटरवर किती डेसिबल आवाज देतो, ते बघा. ९७ ऐवजी १०० डेसिबलचा असेल तर अर्ध्या वॅटमध्ये तेवढाच आवाज मिळतो.

गोंयकार
व्हॉल्व्ह अँपवाल्यांनी (काचेच्या नळ्यांचे जुन्या पद्धतीचे अँप) हा हिशेब तसाच उचलू नये. तिथे ट्रान्सफॉर्मर असतो, मागचा ओहमचा स्विच कॅबिनेटशी जुळवावाच लागतो, आणि कॅबिनेट न लावता अँप चालू करायचा नाही.

चारतारी
सर्वांचे आभार. पुण्यात तोच मॉडेल वापरलेला मिळतोय, पण मागचं लेबल खरवडलं गेलंय. ओहम कसे ओळखू?

खर्जवाला
मल्टिमीटर घेऊन जा. कॅबिनेटच्या वायरच्या टोकांवर मोजा. डीसीवर आकडा नेहमी कमी दिसतो: ८ ओहमचा साधारण साडेपाच ते साडेसहा, ४ ओहमचा तीन ते साडेतीन. मग बेस लावून ई तार जोरात वाजवा. फडफड आली तर कोन गेलाय, घेऊ नका.

आणखी एक, वायर स्पीकरचीच वापरा, जाड दोन तारांची. गिटारची जाळीवाली केबल इथे तापते. स्पीकॉन (फिरवून घट्ट बसणारा स्पीकरचा प्लग) असेल तर उत्तम. आणि हेडचा बेस नॉब फार फिरवू नका. ६ डेसिबल वाढवलंत की त्या सुरांना चौपट वॅट लागतात, आणि १२ इंची कोन तिथेच दम सोडतो. त्यापेक्षा मिड्स (मधले सूर) थोडे वाढवा.

चारतारी
आज घेऊन आलो. मीटरवर ५.८ आले. रात्री दोन्ही एकावर एक ठेवून गच्चीवर वाजवला, बेस नॉब मधोमध. ई तार पायऱ्यांपर्यंत स्वच्छ येत होती. बजेटमधले सहा हजार उरलेत, त्यातून स्पीकॉनच्या दोन वायरी घेतो.