नववीत संयुक्तमधून पूर्ण संस्कृत
प्रश्न असा आहे की आठवीत संयुक्त घेतलेल्या मुलीला नववीत पूर्ण संस्कृत मिळेल का. राज्य मंडळाच्या संयुक्तमध्ये संस्कृत ५०, हिंदी ५० गुणांची; पूर्णला १००. त्यामुळे तिचं व्याकरण कमी झालेलं असतं. धातुरूपं नि संधी सुट्टीतच करून घ्या, नाहीतर नववीची पहिली चाचणी जड जाते.

खरी अडचण वेळापत्रकाची. बऱ्याच शाळांत हिंदी-संस्कृतचा तास सर्व तुकड्यांना एकाच वेळी असतो आणि मुलं वर्ग बदलून बसतात. संस्कृतच्या खोलीत जागा नसेल तर शाळा नाही म्हणते, म्हणून मुख्याध्यापकांकडे अर्ज जूनमध्येच द्या. आणि दहावीची टक्केवारी सहापैकी सर्वोत्तम पाच विषयांवरच निघते. म्हणजे सर्वांत कमी गुणांचा विषय गळतो, त्यामुळे केवळ गुणांसाठी नावडतं संस्कृत लादू नका.