जात्याला टाकी लावणे

औंधकर:
इंग्लंडमधल्या एका जुन्या पाणचक्कीच्या डागडुजीवरचा लेख मराठीत करतोय. ओढ्याचं पाणी पाटानं आणून लाकडी चाकावर सोडायचं आणि त्या चाकाच्या जोरावर दगडी तळी, म्हणजे दळायचा गोल दगड, फिरवायची. तिकडे या चक्क्यांची परंपरा फार जुनी. १०८६ सालच्या डूम्सडे बुकात, म्हणजे तिथल्या राजानं करवलेल्या जमीन-मालमत्तेच्या नोंदवहीत, साडेपाच हजारांवर चक्क्या नोंदल्या आहेत. गुळगुळीत झालेल्या दगडांना पुन्हा खाचा पाडतात, त्यासाठी मी ‘टाकी लावली’ असं लिहिलं. संपादकांनी ते खोडून ‘शिलांचे पुनर्संस्करण केले’ असं घातलं. पाणचक्कीच्या लेखात टाकी म्हटलं की वाचकाला पाण्याची टाकी वाटेल, हे त्यांचं कारण. तुमचं मत काय? आणि चाक फिरवून पुढे निघून जाणाऱ्या पाण्याच्या वाटेला काय म्हणतात? येणारा तो पाट, मग जाणारा?

कृष्णाकाठ:
अहो, पुनर्संस्करण कशाला? ‘पाट्या-वरवंट्याला टाकीऽऽ’ ही हाळी आमच्या गल्लीत कालपरवापर्यंत यायची. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, ही म्हण संपादकांनी ऐकली नाही का? शब्द जिवंत आहे. तोच ठेवा.

वाईची:
दादा, म्हण सगळ्यांना येते, पण टाकी हातात धरलेली कुणी पाहिली आहे? मिक्सरवर वाढलेल्या मुलांसाठीही लिहायचं असतं. ‘खाचा पाडल्या’ म्हणा, कुणी अडणार नाही. पुनर्संस्करण मात्र नको, ते सरकारी परिपत्रकातलं वाटतं.

मिरजवेस:
संस्कृतात टङ्क म्हणजे दगड घडवायची छिन्नी. टाकी त्यावरूनच आली. माझं तर म्हणणं, गडावरचं कातळातलं पाण्याचं टाकंसुद्धा टाकीनं खोदलं म्हणून टाकं. तसं असेल तर संपादकांची टाकी आणि पाथरवटाची टाकी एकाच घरातल्या.

जतकर:
टंक म्हणजे नाणंही. टांकसाळ त्यावरून. तिथं कुठली छिन्नी? नुसता आवाज जुळला म्हणून सोयरीक जुळवू नका.

मिरजवेस:
नाण्यावरही ठसा घावानंच उठतो. मी मागे हटणार नाही.

कृष्णाकाठ:
खाचा पाडणं आणि टाकी लावणं यात फरक आहे, वाईच्या ताई. खाच एकदाच पाडतात. टाकी लावणं म्हणजे झिजलेल्या दगडाला पुन्हा धार आणणं. आमची आजी टाकी लावली की आधी मूठभर कण्या दळायची आणि ते पीठ म्हशीच्या आंबोणात घालायची. दगडाची कच निघून गेल्याशिवाय माणसांचं दळण जात्यावर चढायचं नाही. ‘खाचा पाडल्या’ या शब्दांत यातलं काही येत नाही.

पाटणखोरे:
औंधकर, वरच्या तळीच्या तोंडात आडवी लोखंडी पट्टी असते, तिला काय लिहिलंत? आपल्या जात्यात ती माकडी. खालच्या तळीतल्या खिळीवर ती टेकते आणि वरचा सगळा भार पेलते. पाणचक्कीतही हीच रचना असते, फक्त तिथं दांडा खालून फिरतो आणि माकडीच्या आधारानं तळीला फिरवतो.

औंधकर:
माकडी! मी इंग्रजीतला ‘रिंड’ तसाच ठेवला होता. आता बदलतो. तिकडे दोन तळ्यांमधलं अंतर कमीजास्त करायला खालच्या तुळईला स्क्रू असतो. दगड एकमेकांना टेकले की ठिणग्या उडतात, पीठ करपतं.

वाईची:
आमच्याकडे डाळ भरडायची असली की खिळीला चिंधी गुंडाळून वरची तळी उचलायचे. तुमच्या स्क्रूचं काम ती चिंधी करते!

जतकर:
चिंधी दळणात येते. चामड्याची चकती घालावी.

वाईची:
चामडं? धान्याच्या जात्यात? आमच्या घरी कुणी चालू दिलं नसतं.

पाटणखोरे:
आमच्याकडं सुतळीचा वेढा देतात. त्याला वेगळा शब्द होता, आईला विचारून सांगतो.