फिरत्या ड्युटीत रोजनिशी कशी टिकवायची? मदत हवी आहे

नमस्कार. जरा लांबण लागेल, पण सगळं सांगितल्याशिवाय अडचण कळायची नाही.

मी नर्स आहे, सोळा वर्षं झाली. सध्या मेडिसिन वॉर्डला. मॉर्निंग, इव्हनिंग, नाइट अशी ड्युटी फिरती. घरी नवरा, सासूबाई आणि आठवीतली मुलगी. घर दोन खोल्यांचं.

2020 साली कोविड वॉर्डची ड्युटी संपली की आम्हाला सात दिवस हॉटेलच्या खोलीत वेगळं ठेवायचे. त्या सात दिवसांत मी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःसाठी लिहिलं. एक आजोबा होते. मी त्यांच्या तोंडासमोर फोन धरला होता आणि पलीकडून त्यांची नात पाढे म्हणून दाखवत होती. सतराचा पाढा चुकला, तर आजोबांनी मास्कमधून दुरुस्त केला. हे लिहिलं होतं म्हणून आज माझ्याजवळ आहे. त्याच्या आधीचे-नंतरचे कितीतरी महिने कुठे गेले, आठवतच नाही. मला ते हरवू द्यायचे नाहीत, एवढ्याचसाठी लिहायचं आहे.

पण टिकत नाही. दर जानेवारीत औषध कंपन्यांचे प्रतिनिधी (एमआर) डायऱ्या देऊन जातात, त्यातली एक घेऊन सुरुवात करते. एका वर्षी 19 दिवस लिहिलं, पुढच्या वर्षी 11. त्या डायरीत तारीख छापलेली असते, त्यामुळे नाइटचा आठवडा आला की कोरी पानं साचतात आणि मग ती उघडायलाच नको वाटतं. रात्री दहाचा अलार्म लावून पाहिला. नाइटला त्या वेळी मी दहाची इंजेक्शनं देत असते. फोनवर लिहायला घेतलं, तर आधी ड्युटीच्या ग्रुपवरचे मेसेज दिसतात आणि लिहायचं राहून जातं.

आणखी दोन गोष्टी. एक, नकळत मी वाईट दिवशीच लिहिते. जुनी वही चाळली तर नुसतं रडगाणं. माझं आयुष्य खरंच तसं नाहीये. दुसरी, एकदा घरी आलेल्या नातेवाइकांनी वही वाचली आणि त्यातलं सासूबाईंना सांगितलं. त्यानंतर पेन हातात धरला की कोणीतरी मागून बघतंय असं वाटतं.

ज्यांनी वर्षानुवर्षं लिहिलंय त्यांनी कृपया सांगा: वेळ ठरलेली नसताना ‘रोज’ कसं जमवायचं?

प्रतिसाद १

आधी एक गैरसमज दूर करतो, कारण मीही बरीच वर्षं त्यात होतो. रोजनिशीतली ‘निशी’ म्हणजे रात्र नव्हे. चिटणीस, फडणवीस या शब्दांत जो फारसी ‘नवीस’ म्हणजे लिहिणारा आहे, तोच इथे आहे. दिवस मावळल्यावरच लिहायला हवं असं त्यात काही नाही.

घड्याळाशी बांधू नका, एखाद्या कामाशी बांधा. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी 96 जणांचा 12 आठवडे अभ्यास केला होता. नाश्त्यानंतर वगैरे, अशा रोजच्या एखाद्या गोष्टीला जोडून प्रत्येकाने नवी सवय लावायची होती. ती अंगवळणी पडायला साधारण 66 दिवस लागले, पण कोणाचं 18 दिवसांत जमलं, तर कोणाला, बारा आठवड्यांच्या नोंदींवरून पुढचा अंदाज काढला तेव्हा, 254 दिवस लागतील असं दिसलं. तुमच्या कामाची गोष्ट अशी की मध्ये एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलं नाही. म्हणजे 19 दिवसांनी तुम्ही हरला नव्हतात, रस्त्यात होतात. तारीख छापलेली डायरी मात्र कोणाला तरी देऊन टाका. साधी दोनशे पानी वही घ्या, तारीख हाताने घाला. मग कोरं पान उरतच नाही.

प्रतिसाद २

ताई, मी कोरेगाव तालुक्यातला शेतकरी. वही मला कधीच जमली नाही. पण स्वयंपाकघरात भिंतीवर कालनिर्णय असतं, त्याच्या चौकटीत घरातले सगळेच लिहितात. दुधाचा खाडा, गॅसची टाकी कधी लावली, गाय कधी भरवली. मी त्यातच पावसाचं लिहायला लागलो. “मृग कोरडा.” “घेवडा पेरला.” “हस्तात तीन दिवस झड.” चौकट बोटभर असते, त्यामुळे जास्त लिहायची सोयच नाही, आणि म्हणूनच टिकलं असेल. जुनी कॅलेंडरं टाकत नाही, सुतळीनं बांधून माळ्यावर ठेवतो.

वडील गेले त्या वर्षीच्या ऑगस्टात एका चौकटीत लिहिलंय, “बापू दोन घास भात जेवले. गोड लागला म्हणाले.” दुसरं काही नाही. पण ते वाचलं की ती दुपार, तो पाट, सगळं समोर येतं. तुम्हीही चार शब्दच लिहा, पण काय दिसलं ते लिहा. कसं वाटलं ते वाचताना आपोआप येतं.

प्रतिसाद ३

रडगाण्याबद्दल. घटस्फोटाच्या काळात माझ्या तीन वह्या अशा भरल्या होत्या, म्हणून कळकळीने लिहिते.

मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांच्या 1986 च्या प्रसिद्ध प्रयोगात माणसांना मनातल्या जखमेबद्दल रोज 15 मिनिटं, सलग 4 दिवस लिहायला सांगितलं होतं. चारच दिवस, मग थांबायचं. लिहिल्यावर लगेच लोकांना बरं वाटलं नव्हतं, उलट मन जड झालं होतं. फायदा नंतरच्या महिन्यांत दिसला. मी मात्र तीच जखम वर्षभर रोज उघडत होते.

तेव्हापासून दोन लिखाणं वेगळी केली. मनातली मळमळ सुट्या कागदांवर, घड्याळ लावून, आणि लिहून झालं की कागद फाडून टाकते. वहीत दिवस जातो. फाडायच्या कागदावर माणूस खरं लिहितो आणि कोणी वाचायची भीतीही राहत नाही, त्यामुळे तुमच्या दोन्ही अडचणींना हा उपाय लागू पडेल. मात्र झोप उडाली असेल, ड्युटीवर जाववत नसेल, तर वहीवर भिस्त ठेवू नका. डॉक्टरांशी बोला.

प्रतिसाद ४

सिस्टर, मी चौतीस वर्षं नोकरी करून रिटायर झाले. तुम्हाला लिहायची सवय नाही असं कोण म्हणतं? ड्युटी संपताना पुढच्या सिस्टरला पेशंटची सगळी माहिती सांगून रोज ओव्हर देता ना? कितीही थकलेल्या असलात, घरी मूल तापाने फणफणलेलं असलं, तरी ओव्हर दिल्याशिवाय वॉर्ड सोडलाय कधी? का सोडत नाही, तर पुढची सिस्टर आपल्या भरवशावर उभी असते.

मग स्वतःला ओव्हर द्या. आजची ड्युटी तुम्ही केलीत, उद्याची सिस्टर तुम्हीच. काय झालं, काय बाकी आहे, कशाकडे लक्ष ठेवायचं, या तीन ओळी. मी घरी येऊन युनिफॉर्म बदलला की चहा उकळेपर्यंत लिहायची. मॉर्निंग असो की नाइट, युनिफॉर्म बदलावाच लागतो. सुट्टीच्या दिवशी नाही लिहिलं तरी चालायचं, तेव्हा ओव्हर नसतोच.

एक सांभाळा. पेशंटचं नाव, बेड नंबर, आजार यातलं काही घरच्या वहीत नको. “पाढे दुरुस्त करणारे आजोबा” एवढं पुरतं. ते त्यांचं आहे, आपल्याकडे विश्वासाने आलेलं.

प्रतिसाद ५

वही लपवण्यापेक्षा लिपी बदला. मी मोडी शिकलो आणि सहा वर्षं मोडीतच लिहितो. आधी आडवी रेघ ओढायची आणि मग हात फारसा न उचलता अक्षरं जोडत जायचं, त्यामुळे वेगही येतो. वही टेबलावर उघडी पडलेली असते, आमच्याकडे कोणाला वाचता येत नाही.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. मुद्दाम महिनाभर थांबून लिहिते आहे, करून पाहिल्याशिवाय उत्तर द्यायचं नव्हतं.

30 दिवसांत 21 वेळा लिहिलं. नाइटच्या आठवड्यातही, सकाळी साडेनऊला, चहा उकळेपर्यंत. तीन ओळींची सक्ती नाही, कधी एकच होते. परवाची ही: “मुलीने डबा भरून दिला, पोळ्या तिनेच लाटल्या. बाकी: विळीला धार. लक्ष ठेवणे: सासूबाई जिना चढताना थांबतात.” हे लिहिलं म्हणून दुसऱ्या दिवशी लक्ष गेलं आणि त्यांना तपासायला घेऊन गेले. रक्त कमी निघालं, गोळ्या सुरू केल्यात.

फाडायचे कागद दोनदा वापरले. दुसऱ्यांदा सात मिनिटांतच लिहायचं संपलं.

मोडीबद्दल मात्र अजून सांगा. वर्गाला जायला रविवार मोकळा मिळेलच असं नाही, तर घरी पुस्तकावरून शिकता येईल का? मुलगीही शिकते म्हणतेय. तिने वाचलं तर मला चालेल.